डिस्क नसलेली पेटी

तो आमच्या वर्कशॉपमध्ये आला तेव्हापासून माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. सांगलीच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही शेतीपंपांसाठी कंट्रोलच्या पेट्या बनवायचो. मी तिथं सात वर्षं घासलेली. तो मेढ्याकडचा, वडील मिलिटरीतून रिटायर झालेले, डिप्लोमा करून आलेला. दोन वर्षांत अशी वेळ आली की काही अडलं की मालक आधी त्याला हाक मारायचे आणि मग मला. त्याचं बोलणं गावठी, शर्ट कायम चुरगळलेला, आणि डोकं असं की माझा बसल्या जागी जळफळाट व्हायचा.

त्या वर्षी मालकांनी कुठूनतरी जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड पोत्यात भरून आणले. ते वापरून रहिमतपूरजवळच्या एका गावच्या पाणी संस्थेला पेटी करून द्यायची होती. नदीचं पाणी वर चढवायचं आणि आठ जणांच्या रानात पाळीपाळीनं सोडायचं. कोणाचा व्हॉल्व किती वेळ उघडा ठेवायचा ते पेटीनं बघायचं. बोर्डावर चालवायला फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घेतली होती, जिचा सगळा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्राम, आपल्या हातात असतो. मालकांनी सांगून टाकलं, "दोघं आपापली पेटी करा. ज्याची गावात टिकेल तो हा नवा विभाग बघेल. दुसरा दुरुस्तीला बसेल." दुरुस्ती म्हणजे मागची खोली आणि जळक्या पेट्यांचा ढीग. तिथं गेलेला माणूस मालकांना पुन्हा दिसत नसे.

माझी पेटी आधी झाली. तिच्यात मी छोटी हार्ड डिस्क बसवली होती, आठ महिने खपून. पाळी कुठवर आली ते डिस्कवर लिहिलं जायचं. फक्त बंद करण्याआधी लाल बटण दाबायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. तसं मोठ्या अक्षरांत छापून, प्लास्टिकमध्ये घालून मी पेटीवर चिकटवलं होतं. गावात पेटी चार दिवस चालली. पाणी सोडणारा माणूस, ज्याला तिकडं पाटकरी म्हणतात, त्यानं ती सूचना वाचली आणि मला विचारलं, "आवं सायेब, लाईट जाताना सांगून जाती व्हय?" मी त्याला यंत्राचे नियम समजावले. पाचव्या दिवशी लाईट चारदा गेली आणि माझी डिस्क स्वतःला तपासत बसली ती उठलीच नाही. पेटी जीपमध्ये घालून परत आणली.

मग त्यानं काय करावं? माझंच काम पुढं घेतलं आणि त्यातली डिस्कच काढून टाकली. ऐकायला सोपं वाटतं, पण कर्नल म्हणजे सिस्टीमचा जो गाभा, त्याची समजूतच अशी की यंत्र आहे तिथं डिस्क असणारच. तो भाग उपटायला गेलं की दहा ठिकाणांहून बोंब व्हायची, कारण बाकीचे भाग त्यालाच हाका मारत असायचे. हा पठ्ठ्या तीन आठवडे त्या एकेका हाकेमागं गेला. कर्नल तयार करताना तो आपल्याला प्रश्न विचारतो, हे हवं का, ते हवं का. त्या यादीत यानं स्वतःचा एक प्रश्न घातला: डिस्क हवी का? नाही म्हटलं की तो सगळा भाग बाहेर, आणि हाका मारणाऱ्यांना 'इथं कोणी नाही' एवढंच सांगणाऱ्या दोन-दोन ओळी. आमचा पाळीचा प्रोग्राम त्यानं कर्नलच्या पोटातच भरला आणि सगळं मिळून एका चिपमध्ये बसवलं. प्लग लावला की पेटी चुटकीसरशी जागी. प्लग उपटा, लाथ मारा, तिला काही फरक नाही.

"दादा, डिस्क पायजे त्यानं हो म्हणावं, नको त्यानं न्हाई," तो मला म्हणाला. "तुमचं काम तसंच हाय आत. फेकलं न्हाई." हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझे आठ महिने आता एका प्रश्नाच्या उत्तरावर आले होते. शिवाय ते मला का सुचलं नाही? लाईट न सांगता जाते हे मला माहीत नव्हतं का? मीही याच भागात वाढलो होतो.

एके दिवशी दुपारी तो जेवायला गेला असताना मी त्याची पेटी टेबलावर लावून बघितली. तो परत आला तरी मी तिथंच होतो. तिसरी पाळी चालू केली आणि प्लग काढला. परत लावला. पेटी लगेच उठली आणि पहिल्या पाळीवर उभी राहिली. पुन्हा केलं, पुन्हा पहिलीच. डिस्क नाही म्हणजे आठवणही नाही. लाईट गेली की पाणी परत पहिल्याच्या रानात. आठवी पाळी येणारच नाही. आठव्या माणसाचं आल्याचं पीक उभ्या उभ्या वाळून जाणार, आणि त्याचा दोष काय, तर त्याचं रान पाटाच्या शेवटाला.

मी वायर गुंडाळून ठेवली आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. सांगितलं नाही. होऊ दे याची फजिती, चारचौघांत होऊ दे, असंच माझ्या मनात होतं, दुसरं काही नाही.

पेटी बसवायच्या दिवशी मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मालक होते, संस्थेचे चेअरमन होते, पाटकरी होता. दोन पाळ्या झाल्या. तिसरी चालू असताना लाईट गेली आणि तासाभरानं आली. पेटी उठली, आणि तिसराच व्हॉल्व उघडला. मी पुढं होऊन बघितलं. पेटीच्या तोंडावर एक जाड खुंटी होती, रेडिओला असते तशी फिरणारी, भोवती आठ आकडे. पाळी संपली की घंटा वाजायची आणि पाटकऱ्यानं खुंटी एक घर पुढं सरकवायची. लाईट जावो नाहीतर राहो, खुंटी आहे तिथंच राहणार. पेटी उठली की आधी खुंटी बघायची.

"ही तुझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हती," मालक त्याला म्हणाले.

"न्हवती. दादांनी चूक काढली, म्हणून बसवली."

मालकांनी तिथंच माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "पेटी याची असली तरी खोट तुला दिसली. विभाग तू बघ. याला तुझ्या हाताखाली घे." चेअरमननी मान डोलावली. मी हसलो असेन.

परतीच्या वाटेवर जीप चहाला थांबली तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. "मी कधी काढली चूक?"

"त्या दुपारी तुमी प्लग दोनदा काढलात, दादा, आणि गप जाऊन बसलात. माझ्या कामात खोट न काढता तुमी कधी गप बसलाय व्हय? म्हणलं, लयच मोठं कायतरी दिसलंय यांना. मग मीबी दोनदा काढून बघितला."

त्याच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो बशीत चहा ओतत होता. मालक हाताच्या अंतरावर बाकड्यावर बसले होते. मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिथून सांगलीपर्यंत बराच रस्ता होता, आणि मी सगळ्या रस्त्यात मालकांशी नव्या विभागाबद्दल बोलत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "दादा, आज काय करू?"

मी त्याला मागच्या खोलीची किल्ली दिली.