कॅप्टनची खुर्ची

मैदानाला लागून घर असलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहिलं की पुरतं. त्यात यंदा आमच्या पाटणकडच्या फुटबॉल क्लबानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. सेक्रेटरी सुभाषभाऊजी आमचे शेजारी. घराघरांतून आलेले फोटो त्यांच्या कॉटवर पसरलेले असायचे, आणि मी दिवसाआड साखर मागायला जायची. घरात साखर होती.

*

पहिल्याच दिवशी कळलं, क्लबाच्या बारा फोटोंत मी आहे. खाली टीम ओळीनं, वर खिडकीत माझं डोकं.

"वैनी, आमच्या सेंटर फॉरवर्डपेक्षा तुमची हजेरी जास्त हाय," भाऊजी म्हणाले.

"त्यो तरी गोलपाशी कवा दिसला?" मी म्हटलं.

*

मी बारा फोटोंत, आणि सहा वर्षं कॅप्टन असलेले संपततात्या एकातही नाहीत. तात्या तेव्हा फौजेत. गणपतीत रजेवर येऊन मॅचेस खेळायचे. टीमचा फोटो निघायचा दसऱ्याला, तोवर ते परत सरहद्दीवर. पण कॅप्टनच्या जागी दुसरं कोण बसणार? पोरं मधली लोखंडी खुर्ची रिकामी ठेवायची. असे सहा फोटो, सहा रिकाम्या खुर्च्या.

तात्या रोज येऊन बजावायचे, "सुभाष, बाकी काय बी गाळ. माझी खुर्ची गाळू नगंस. नातवंडांना दावायला माझ्याकडं तेवढंच हाय."

*

एक फोटो दोन पाकिटांतून आला. दोघं भाऊ क्लबातले जुने खेळाडू. जमीन वाटली तेव्हा फोटोही मधोमध कापला. गोलकीपर नेमका मध्ये उभा, त्यामुळं त्याचा एक हात थोरल्याकडं गेला, एक धाकट्याकडं.

भाऊजींनी डिंक काढला तर थोरला म्हणाला, "चिकटवायचा न्हाई. शेजारी लावा, मधी बांध ठेवा."

बोटभर बांध ठेवला. संध्याकाळी धाकटा येऊन बघून गेला. म्हणाला, "बांध समदा माझ्या हद्दीत धरलाय."

*

एका फोटोत सगळे ढाल धरून हसतायत. ती फायनल आपण सांगलीत चार गोलनी हरलो होतो. फोटोग्राफरला दुपारी लग्नाची ऑर्डर होती, म्हणून त्यानं दोन्ही टीमचे ढालीसकट फोटो आधीच काढून ठेवले.

"खाली काय लिवणार?" मी विचारलं.

"'फायनलपूर्वीचा आनंद'. खोटं कुठं हाय?"

*

तात्यांचं मात्र भाऊजींच्या मनाला लागलं होतं. कॅप्टन माणूस, आणि एक फोटो नाही. त्यांनी गुपचूप सहातला सगळ्यात चांगला फोटो कराडच्या फ्लेक्सवाल्याकडं नेला, सोबत तात्यांचा पेन्शनच्या कागदावरचा फोटो दिला आणि खुर्ची भरून आणली. चार फूट बाय सहा फूट. उद्‌घाटनापर्यंत चादरीखाली झाकून ठेवला.

त्या दिवशी तात्या मेडल लावून आले. दोन्ही हातांना दोन नातवंडं.

भाऊजींनी चादर ओढली. विशीतली दहा पोरं हाफ पँटवर, आणि मध्ये खुर्चीत पांढऱ्या मिशांचे, चष्मा लावलेले, कोटातले तात्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तात्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. जवळ जाऊन बराच वेळ बघितलं.

"कसं वाटतंय, तात्या?" भाऊजींनी विचारलं.

"माझ्या जागेवर ह्यो म्हातारा कोन बसवलाय?" तात्या म्हणाले. "उठीव त्याला."