साहेबांची वाट न पाहणारं दार

लोक देवदर्शनाला जातात, थंड हवा खायला जातात, आणि परत आल्यावर चार पानं लिहून आपल्या वाचनालयाच्या हस्तलिखिताला देतात. मी गेलो होतो एक दार काढायला आणि त्याच्या जागी दुसरं बसवायला. याला प्रवासवर्णन म्हणायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं. मी आपला लिहून मोकळा होतो.

मिरजेजवळच्या ज्या वर्कशॉपात मी फिटर आहे, तिथे कालव्यांची लोखंडी गेटं तयार होतात. त्र्याऐंशी सालच्या श्रावणात आम्हाला नव्या मुंबईतलं काम मिळालं. खाडीच्या बांधातलं जुनं लाकडी दार काढायचं आणि विजेच्या मोटरवर वरखाली होणारं गेट बसवायचं. गेट ट्रकने पुढे गेलं आणि नागपंचमीच्या पहाटे मी एसटीने निघालो. घरात दिंडं उकडून तयार होती, ती डब्यात, आणि पान्यांची पिशवी पायापाशी.

पुण्याला गाडी बदलली. नवीकोरी बस होती, गाद्यांना अजून कारखान्याचा वास. ती खंडाळ्याच्या घाटात जी बसली ती उठलीच नाही. तासाभराने एक लाल डबा खडखडत आला, त्याने आम्हा निम्म्यांना उभ्याने पनवेलपर्यंत आणलं. शेजारचे एक आजोबा म्हणाले, जुनं ते सोनं. मला राग आला. मी त्यांना सांगितलं की एखादी गाडी बिघडली म्हणून नवं सगळं वाईट ठरत नाही. आजोबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. हे मुद्दाम लिहितो, कारण जाताना मी कोणत्या बाजूचा होतो हे तुम्हाला कळलेलं बरं.

पनवेलहून पुढचा रस्ता बघण्यासारखा आहे. एका अंगाला डोंगर, पायथ्याशी रसायनांचे कारखाने, दर दोन मैलांना वासाची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरणारी भातजमीन, आणि त्या जमिनीत मधेच सेक्टर नंबरच्या पाट्या. घर एक नाही, माणूस एक नाही, नुसती पाटी. वाशीला मात्र इमारती उठल्या होत्या. ज्या कचेरीत हजर व्हायचं होतं ती तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर ‘बंद आहे’ असा पुठ्ठा लटकवलेला. पुठ्ठ्याच्या कडा विटल्या होत्या, म्हणजे तोही जुनाच.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी नकाशा पसरून काम समजावलं. जुनं दार कुजकं लाकूड आहे, ते भंगारात जाईल, आणि नारळी पौर्णिमेला गाव बांधावर जमतं म्हणून त्याच दिवशी नव्या गेटचं उद्घाटन करायचं. मी विचारलं, हाताने गेट फिरवायचं हँडल खोक्यात दिसत नाही. ते चुकून दुसऱ्या कामावर गेलंय, मागाहून येईल, असं उत्तर मिळालं. मी मान डोलावली. ती मान डोलावल्याचं मला अजून वाईट वाटतं.

गाव तुर्भ्याच्या पुढे, कोपरखैरण्याच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, उगाच कोणाला त्रास नको. तिथल्या बांधावर मी आयुष्यात पहिल्यांदा उघाडी (खाडीच्या बांधातलं झडपेचं दार) पाहिली. दगडी चौकट, तिच्या बाहेरच्या बाजूला ऐनाच्या लाकडाच्या फळ्यांचं दार, वर आडव्या दांड्यावर टांगलेलं आणि खालून मोकळं. भरतीचं पाणी आलं की बाहेरून दाराला चौकटीवर दाबून धरतं आणि दार बंद होतं. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर होतो आणि दार बाहेर ढकललं जातं. दिवसाकाठी दोनदा बंद, दोनदा उघडं, माणसाचा हात लागत नाही.

त्या उघाडीची राखण सोनूबाय करायच्या. सत्तरीच्या, काटक, गुडघ्यावर नेसलेलं लुगडं. त्यांच्या सासऱ्यांपासून हे काम घरात. दरवर्षी डांबर लावायचं, दांड्याला माशाचं तेल पाजायचं, फटीत पेंढा आणि चिखल भरायचा. बांधाआडची बाकी सगळी खार (खाडीचं पाणी अडवून केलेली भातजमीन) नव्या शहरासाठी गेली होती. उरले होते सोनूबायचे वीस गुंठे. भात गुडघ्याएवढं झालं होतं, हिरवंगार. मी आपलं सहज विचारलं की खारं पाणी आत आलंच तर काय होतं. त्या म्हणाल्या, तीन वर्षं दाणा नाही. आणि मग हात फिरवून दाखवला, “सगली गेली. यवरी रायली.”

मुक्काम त्यांच्याच पडवीत. श्रावण म्हणून मासळी नव्हती. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि लाल तांदळाची पेज. आम्ही ज्वारीची माणसं, तांदळाच्या भाकरीला नाक मुरडणारी, पण तिसऱ्या दिवसापासून मी मागून घेऊ लागलो. त्या गावात लहानथोर सगळ्यांना अरेतुरे. मीही ‘मिस्त्री, तू’. मी त्यांना मावशी म्हणायचो आणि रोज भांडायचो.

भांडण दाराचंच. अष्टमीला भांग (लहान भरती) असतो, पाणी फार चढत नाही, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत उघाडी उतरवायची असं त्यांनीच सांगितलं. सांगितलं आणि उतरवताना तोंड फिरवून बसल्या. दार बांधावर आडवं ठेवलं. खरं सांगतो, मी पाना ठोकून पाहिला, फळी खणखणीत वाजली. कुजकं काही नव्हतं. पण मी बोललो नाही. त्याच चौकटीत आतल्या बाजूने माझं लोखंडी गेट बसवलं, मोटर चढवली, खांबावरून तार आणली. बटण दाबलं की गेट वर, दुसरं दाबलं की खाली. काम देखणं झालं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

एकादशीला भंगाराचा ट्रक आला. सोनूबाय उघाडीवर जाऊन बसल्या, मांडी घालून, कमरेची मिसरी काढून दात घासत. ड्रायव्हरने विनवलं, मग मी विनवलं, मग आवाज चढवला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मिस्त्री, तुजा दार रुसला तं?”

“मावशी, मोटर रुसत नसते.”

त्या हसल्या आणि पुन्हा मिसरी लावू लागल्या. ट्रक रिकामा गेला. ड्रायव्हरला मी सांगितलं की पौर्णिमा झाली की ये, तोवर म्हातारीचा राग उतरेल.

भरतीचं गणित मला त्यांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, ती पाणी पूर्ण भरायची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. आतलं-बाहेरचं पाणी सारखं होतं त्याच्या अडीच-तीन तास आधी, म्हणजे साडेआठच्या आत दार लागलंच पाहिजे. मी वर्तमानपत्रातल्या वेळा ताडून पाहिल्या. म्हातारी पाच-दहा मिनिटांनी इकडे तिकडे, जास्त नाही.

उद्घाटन आठला होतं. बांधावर मांडव, पताका, कर्णा. बायका नारळ घेऊन आलेल्या, एक खाडीला आणि एक उघाडीला असा रिवाज. गेट वर उचलून ठेवलेलं, कारण ते साहेबांच्या हस्ते खाली यायचं होतं. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. वाशीच्या रस्त्यावर गाडी दिसेना. साडेआठला पाणी सारखं झालं आणि मग हळूहळू आत वळलं. मी बटणाकडे हात नेला. कचेरीचे कारकून म्हणाले, थांबा, साहेब आल्यावर दाबायला काय उरेल. मी थांबलो. एवढ्या वर्षांचा फिटर, पाणी डोळ्यांदेखत आत येतंय आणि मी साहेबांसाठी थांबलो. लाज वाटते, पण लिहिणार.

पावणेनऊला साहेब आले. हार झाला. त्यांनी बटण दाबलं, मोटर गुरगुरली, गेट वीतभर खाली आलं आणि कर्ण्यातलं गाणं अर्ध्यावर तुटलं. वीज गेली होती. का गेली ते आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. मी बटण दाबत राहिलो. मेलेल्या बटणाचा आवाज मला त्या दिवशी कळला. हँडल नाही. लोखंडी गेट अधांतरी, आणि त्याच्याखालून खाडी आत. पाणी सोनूबायच्या पहिल्या खाचरात शिरताना सगळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, वायरमनला निरोप धाडा, तासाभरात होईल. तासाभराने ते वीस गुंठे तीन वर्षांसाठी मेले असते.

सोनूबाय ओरडल्या नाहीत. उघाडीवरून उठल्या, हातातला नारळ बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, “आमचा दार कोनाची वाट बगत नाय. उचल.”

आठजणांनी ती उघाडी उचलली. चौकटीतल्या जुन्या खाचा बुजवणं माझ्या कामात होतं, पण सिमेंट पोचलं नव्हतं. देवाने त्या दिवशी केलेली मदत म्हणजे तेवढं न आलेलं सिमेंट. दोर लावून दार बाहेरच्या अंगाने सोडलं. मी छातीभर पाण्यात उतरून दांड्याचं टोक खाचेत बसवत होतो, वरून सोनूबाय सांगत होत्या, “डावा, आजून डावा.” टोक बसलं. मी हात काढला न काढला तोच आत धावणाऱ्या त्या पाण्यानेच दार चौकटीवर आपटलं. सगळ्या बांधाला धक्का बसला आणि पाणी थांबलं.

फटींमधून धारा येत होत्या. नारळ घेऊन आलेल्या बायकांनी पदर खोचले आणि पेंढा-चिखल भरून त्या बंद केल्या. सव्वाअकराला खाडी दाराच्या वरच्या फळीपर्यंत चढली, टेकून उभी राहिली, आणि आत थेंबही आला नाही. सोनूबाय शेतात गेल्या. प्रत्येक खाचरात बोट बुडवून जिभेला लावत चालल्या. आम्ही सगळे बांधावर उभे. बांधाकडची चार खाचरं खारी झाली होती. पाचव्यात बोट लावून त्या उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बघून मान हलवली. गोड होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, पाण्यातून वर आलेल्या माणसाचं कोणाला कळत नाही.

दुपारी वीज आली. मोटर चालली, गेट खाली आलं, वर गेलं. साहेबांनी माझ्यापुढे कागद धरला, चाचणी यशस्वी, जुने दार हटवले, इथे सही करा. मी म्हटलं, हटवलेलं नाही आणि हटवणार नाही. ते गोडीत म्हणाले की कागदापुरतं लिहा, दार उद्या काढा, तुमच्या मालकांशी मी बोलतो. मी पेन घेतलं, त्यांचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: ‘विजेचे गेट बसवले आहे, ते वर उचलून ठेवावे. पाणी अडवण्याचे काम जुनी उघाडी करते. ती काढू नये.’ मग सही ठोकली, ठळक. साहेबांचा आवाज पहिल्यांदाच बिघडला. मी म्हटलं, मालकांशी बोला.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सोनूबायनी नारळीभाताचा डबा दिला आणि लाल तांदळाची पुरचुंडी. मी बांधावरून जाताना ओहोटी लागली होती. दोन मिनिटं म्हणून थांबलो. दार आधी नुसतं हललं, मग तळाशी बोटभर उघडलं, आणि आतलं पाणी गुपचूप बाहेर जाऊ लागलं. ना बटण, ना साहेब. ते बघण्यात माझी एसटी चुकली. पुढच्या गाडीला दोन तास होते, तेही तिथेच बसून काढले.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात ते घाटातले आजोबा होते. भेटले असते तर माफी मागितली असती, पण त्यांचं म्हणणं पुरतं मान्य केलं नसतं. जुनं आहे म्हणून सोनं नसतं, हे मी अजून म्हणतो. माझं गेट वाईट नव्हतं. पण त्याला वीज लागते, हँडल लागतं, कारकून लागतो, वेळेवर येणारा साहेब लागतो. उघाडीला फक्त खाडी लागते, आणि खाडी आजवर कधी उशिरा आलेली नाही. माणसांवर एवढा विश्वास टाकणारं यंत्र मी तरी पुन्हा कोणाच्या शेताच्या तोंडाशी एकटं बसवणार नाही. मालकांनाही हेच सांगितलं. त्यांनी मला बाहेरगावच्या कामांवरून काढून लेथवर बसवलं. बसलो.

लेथच्या समोर भिंतीवर घड्याळ आहे. पौर्णिमेला त्यात सव्वाअकरा वाजले की मी मान वर करतो. तिकडे खाडी फळ्यांना टेकून उभी असेल आणि आतलं भात गोड्या पाण्यात डुलत असेल. बाकीचे विचारतात, काय बघतोस रे. मी सांगत नाही. सांगायला वेळ मात्र भरपूर असतो, कारण बहुतेक वेळा तेव्हा आमच्या वर्कशॉपातली वीज गेलेली असते.