तळघरातली घाणेरी

"घाणेरी? आणि तीसुद्धा कुंडीत?" आईनं माझ्या फोनमधला फोटो लांब धरून पाहिला. "हे करायला आपण जर्मनीला गेला होतात?"

टोमणा मारायचा असला की आई मला 'आपण' म्हणते. जन्मभर शाळेत गणित शिकवून तिची जीभ अशी झाली, की जीभ अशी होती म्हणूनच तिनं शाळा निवडली, हे आता कळायला मार्ग नाही. फोटो माझ्या तिकडच्या घरमालकिणीनं पाठवला होता. तळघरात एक कुंडी आणि तिच्यात चार वाळक्या काड्या.

आईचंही चूक नव्हतं. पुण्याजवळच्या मांजरीतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर दोन इमारतींच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर हीच घाणेरी माजलेली दिसते. सोसायटी ती मुळासकट काढून टाकते आणि पावसाळा संपेपर्यंत ती पुन्हा हजर असते. तिकडच्या बाजारात लोक ती हौसेनं विकत घेताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मलाही हसू आलं होतं. मग मी एक पान चुरगाळून हुंगलं. खडकवासल्याच्या बाजूच्या टेकड्यांवर शाळेच्या सहलीत अंगाला लागायचा तोच उग्र वास. मी कुंडी घेऊनच घरी आले.

पहिल्या वर्षी ती मी थंडीत बाहेरच ठेवली. घाणेरी मरू शकते यावर पुण्याच्या माणसाचा विश्वास बसणार कसा? एकदाच दहिवर गोठलं आणि सकाळी ती उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोंबत होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या घरमालकिणीनं ती पाहिली आणि एकच शब्द म्हणाली, "तळघर."

दुसऱ्या वर्षी तिनंच मला शिकवलं. गारठा पडायच्या आत फांद्या निम्म्या छाटायच्या. मग कुंडी तळघरात, जिथे थंडी असते पण गोठत नाही. खत नाही, ऊन नाही. मुळं अगदी कोरडी पडू नयेत एवढंच पाणी, तेही महिन्यातून एखाद्या वेळी. पानं गळतात, गळू द्यायची. हिवाळाभर तिला वाढवायचं नसतं, फक्त मरू द्यायचं नसतं. अशी मी ती कितीतरी हिवाळे सांभाळली.

गेल्या नोव्हेंबरात आई बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि मी एकुलती एक. घाईघाईनं घाणेरी छाटून तळघरात ठेवली, बिनपगारी रजा टाकली आणि तीन आठवड्यांसाठी म्हणून आले. तीन आठवड्यांचे महिने झाले. माझ्या तिथं राहण्याच्या परवान्याला एक अट आहे: सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो रद्द. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत मला परत पोचायलाच हवं होतं.

त्यासाठी आईपाशी राहायला कुणीतरी हवं होतं. नर्सिंग ब्युरोतून बायका येत होत्या आणि जात होत्या. एकीला आईनं विचारलं, "आपण कामाला आलात की मोबाइल चार्ज करायला?" दुसरीला म्हणाली, "नक्की कोण कोणाला उठवतंय? नाही, मला दम लागलाय म्हणून विचारते." तिसरी दुपारच्या जेवणालाही थांबली नाही. शेवटी ब्युरोच्या बाईंनी मला सांगितलं, "मॅडम, बायका आहेत, पण तुमच्याकडे यायला कुणी तयार नाही."

मी कोंडले गेले होते. भाजी आणायला खाली उतरले तरी लिफ्टमध्येच फोन वाजायचा. रडावंसं वाटलं तर बाथरूममध्ये जायचे, तर दाराबाहेर वॉकरची टकटक. मला आईचा राग यायचा. तिच्या मोडक्या हाडाचा, तिच्या जिभेचा, आणि एवढं करून माझ्यावाचून तिचं पान हलत नाही याचा.

फेब्रुवारीत घरमालकिणीनं तळघरातून व्हिडिओ कॉल केला. झाड जिवंत आहे का हे पाहायचं, तर फांदीची साल नखानं खरवडतात. तिनं खरवडली, तपकिरी निघाली. मी म्हटलं, अजून खाली, बुंध्याजवळ. तिथं नखाएवढा हिरवा ठिपका दिसला. मी मोठ्यानं ओरडले.

"एवढा आनंद मी उभी राहिले तेव्हा नव्हता झाला," आई म्हणाली. खरंच होतं ते. 

एप्रिलमध्ये ब्युरोकडून जवळच्या गावातल्या एक मावशी आल्या. "आज्जी, घाई नाय. दमानं टाका पाऊल. मी हाय."

"बरं," आई म्हणाली. मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहिली. ते आलंच नाही. दोन आठवडे गेले, मावशी टिकल्या. मी तिकीट काढलं, माळ्यावरून बॅग उतरवली, आणि भांडी घासताना चक्क गाणं गुणगुणले.

आईचं जेवण कमी झालं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. खारट आमटी ती मुकाट्यानं प्यायली, वर "छान झालीय" म्हणाली. प्रत्येक गोष्टीला हो. एका दुपारी मावशी खाली गेल्या असताना मी विचारलं, "आई, तुला बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलले की बायका पळतात. बायका पळाल्या की तू अडकतेस." ती भिंतीकडे पाहत होती. "गणित सोपं आहे. मी गप्प बसते. तू जा."

ती 'थांब' म्हणाली असती, तर मी भांडून गेले असते. त्याची तयारी मी पाच महिने करत होते. ती 'जा' म्हणाली, आणि त्याची तयारी मी केलीच नव्हती.

त्याच आठवड्यात घरमालकिणीचा फोन आला. झाड वर आणलं होतं, पानं फुटली होती. बाहेर लावायची वेळ झाली, तर पुन्हा कुंडीतच ठेवू की बागेतल्या वाफ्यात लावू, असं तिनं विचारलं. वाफ्यात लावलं की मुळं पसरतात, ऑगस्टपर्यंत झाड कमरेला लागतं, आणि कुंडीत कधी येत नाहीत इतकी फुलं येतात. पण एवढं झाड उकरून पुन्हा तळघरात नेणं तिच्या वयाला जमणारं नव्हतं. ती झाडाचं नाही, माझ्या परतण्याचं विचारत होती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"वाफ्यात लावा," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की."

मी फोन ठेवला. आई खुर्चीतून पाहत होती. "काय विचारत होती?"

मी सांगितलं.

"आणि थंडीत?"

"थंडीत मरेल."

आई माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मावशींनी चहा आणून दिला. आईनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पूर्वीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, हा चहा आहे, की पातेलं विसळून आणलंत?"

मावशी कप उचलून आत गेल्या. मला आईचा भयंकर संताप आला. आणि खोटं कशाला बोलू, जीवही भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. मी ब्युरोला फोन केला नाही.