कंडक्टरची राखीव जागा

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. मोताळ्याच्या बाजारी बुलडाण्याची मोटार इतकी गच्च भरायची, की कंडक्टर शेषरावलाच आत पाय ठेवायला जागा उरत नसे. गडी मोठा हौशी. त्यानं पेंटर वाहेदभाईकडून दाराजवळच्या बाकावर लिहून घेतलं, ‘राखीव’.

झालं! ज्याला त्याला वाटलं, आपल्यासाठीच. आधी एक नवरदेव बसला, मग कुणाचा तरी बोकड.

“वाहेदभाई, जरा खुलासा करा ना!”

वाहेदभाईनं ‘कंडक्टरसाठी’ जोडलं. लोक म्हणाले, कंडक्टर तं उभाच राह्यते! मग ‘तो उभा असला तरी’ आलं. पाठोपाठ ‘कोंबड्या ठेवू नयेत’, ‘टरबूजही नाही’. अक्षरं बाक सोडून खिडकीवर चढली आणि शेषराव प्रत्येक ओळ गाण्यासारखी म्हणून दाखवू लागला.

पुढच्या बाजारी तो मजकूर वाचायला दारात ही झुंबड! शेषराव बाहेरच अडकला, आतून कुणीतरी घंटी ओढली आणि मोटार सुटली. बिचारा कापसाच्या ट्रकवर बसून मोटारीच्या मागं निघाला. राजूर घाटात इंजिनात पाणी घालायला मोटार थांबली, तिथं त्यानं ती गाठली.

आत माणसं एकमेकांच्या पायांवर उभी. राखीव जागा मात्र लख्ख रिकामी. दर बाजारी याच मोटारीनं जाणारी झुंबरबाई छत्री आडवी धरून पहाऱ्याला.

अंगभर कापूस घेऊन शेषराव हसत हसत त्या जागेवर कोसळला. “पन घंटी कोनं ओढली?”

“म्या!” झुंबरबाई ठसक्यात म्हणाली. “आखीन एक जरी मानूस चढला असता, तं तुमची जागा गेली असती ना!”