पाणी न पिणारं कापड

भानुमतीबाईंना कापड कळतं, हे मैसूरच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि कुणाला ठाऊक नसलंच तर त्या स्वतः सांगायच्या. वडील येसाजीराव पिढीजात रंगारी. घरात रंगाची घंगाळं होती, पुढे छपाईच्या चौकटी आल्या, मग गिऱ्हाईक तयार मालाकडे वळलं आणि सगळं सामान माळ्यावर गेलं. बाईंनी हातपाय गाळले नाहीत. शिवणयंत्र घेतलं आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला बसल्या.

काम बहुतेक नागेंद्रकडून यायचं. हा त्यांचा भाचा, भावाचा मुलगा; त्याचं जीपगाड्यांचं गॅरेज होतं. पोरगा गुणाचा, पण एक गोष्ट बाईंना टोचत होती. त्यानं त्यांचं काम कधी 'पुन्हा करा' म्हणून माघारी दिलं नाही. शिवण वाकडी गेली तरी म्हणायचा, "छान आहे, आत्या." एकदा त्याच्या गॅरेजात बाकाखाली त्यांनीच शिवलेलं कव्हर दिसलं, धूळ खात पडलेलं. त्या दिवशी त्यांना घास गोड लागला नाही. विधवा आत्याला दया म्हणून काम देतो की काय, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

अशात नागेंद्रच्या गाड्यांना स्नॉर्केल बसले. इंजिनाला हवा ओढायची नळी बॉनेटच्या बाजूनं निघून काचेला धरून टपापर्यंत चढते, म्हणजे ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरत नाही. बाई तिला सोंड म्हणायच्या. सरगूरच्या बाजूला रानालगत गाडी गेली की त्या सोंडेच्या तोंडात पालापाचोळा, किडे, धूळ, सगळं जायचं. तोंडावर चढवायच्या तयार पिशव्या मिळत, पण त्या आठवडाभरात फाटत.

"मी शिवते," बाई म्हणाल्या. "कापडाचं मला सांगू नकोस."

कापड निवडायची येसाजीरावांची एक रीत होती. ताणून धरलेल्या कापडावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब झटकन जिरला तर कापड अस्सल, रंग पोटात घेणारं. बसून राहिला तर ते बाजूला. बाईंनी त्याच रीतीनं मऊ, दाट सुती कापड निवडलं आणि सोंडेला टोपी शिवली. उन्हाळाभर इंजिनाची हवा गाळणारी आतली जाळी स्वच्छ राहिली. नागेंद्र म्हणाला, "छान आहे, आत्या." बाईंनी नाक मुरडलं.

पाऊस लागल्यावर सरगूरला माल पोचवायचा होता, तेव्हा बाई हट्टानं त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. नंजनगूड मागे पडलं आणि सर आली. थोड्या वेळानं चढावर जीप धापा टाकू लागली. मागून काळा धूर. नागेंद्रनं गाडी बाजूला घेतली. बाईंनी खाली उतरून सोंडेला हात लावला. टोपी भिजून फुगली होती आणि तोंडाला घट्ट चिकटली होती. हवेला वाटच उरली नव्हती.

नागेंद्रनं टोपी उपसून काढली आणि गाडी पुन्हा सुरळीत चालली.

"इरली बिडी, आत्या, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "मी दुसरी मागवतो. तुम्ही सुम्ने, आपलं निवांत, सीटची कव्हरं शिवा."

रागावला असता तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर बाईंच्या मांडीवर ती ओली टोपी होती आणि पिळावी तितकं पाणी तिच्यातून निघत होतं. केवढं पाणी प्यालं होतं कापड! त्यांनीच तर पारखून घेतलं होतं, पाणी पिणारं. रंगाऱ्याच्या लेकीनं सोंडेला रंगवायचं कापड घातलं होतं. चूक त्यांची होती, आणि ती कळल्यावर त्यांना जरा हुशारी आली.

घरी येताच त्यांनी माळ्यावरून छपाईची जुनी चौकट काढवली. तिच्यावर नायलॉनची जाळी ताणलेली होती. येसाजीराव तिला कापडात धरत नसत. रंग धरत नाही ते कसलं कापड, म्हणायचे. बाईंनी तिच्यावर थेंब सोडला. जिरला नाही. चौकट झटकली तर उडून गेला.

"हं," बाई म्हणाल्या.

माळ्यावरच्या चौकटींतली मोठ्या भोकांची जाळी निवडून, वाळलेला रंग घासून काढून त्यांनी नवी टोपी शिवली. सोंडेच्या तोंडाशी खालच्या अंगाला पाणी गळून जायच्या फटी होत्या, त्या मोकळ्या सोडल्या. टोपी नागेंद्रच्या हातात ठेवून त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"भर पावसात घालून बघ. वाईट असली तर वाईट म्हण. माझी कीव केलीस तर तुझ्या गॅरेजची पायरी चढणार नाही. मला काम हवंय."

नागेंद्रनं मान खाली घातली. टोपी घेऊन गेला.

दोन दिवस झोडपून पाऊस पडला. सरगूरहून परतताना तो चिखलाच्या पायांनी सरळ बाईंच्या दारात आला. टोपीला बाहेरून पानं, पतंगांचे पंख चिकटले होते.

"गाडी कुठंच दमली नाही," तो म्हणाला. "आतली जाळी स्वच्छ आहे, कोरडी आहे."

बाई वाट बघत राहिल्या.

"पण इलास्टिक सैल आहे. वेगात कड उचलते, आज ना उद्या किडे आत जातील." त्यानं टोपी त्यांच्यापुढे धरली. "असं चालणार नाही, आत्या. उसवून पुन्हा करा. सगळ्या गाड्यांना घालायच्या आहेत."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी घेतली, उजेडाकडे वळल्या आणि कात्री उचलली.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "आणि नीट बघून घे."