मारोतीच्या महिन्यातली उपाशी टाकी

नॉब फिरवला, काडी लावली, शेगडी ढिम्म. दुसरी काडी लावली, तीही वाया. शेजारच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरातही तेच. पुलगावच्या पुढचं ते गाव, पौषातली सकाळ, आणि आठवड्याभरात दिल्लीचा तपासनीस ह्याच शेगड्या बघायला येणार. मला घामच फुटला.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका संस्थेत फील्ड इंजिनिअर होते. गोबरगॅसचं काम माझ्याकडे. प्रोजेक्ट समजायला साधा. बायका चुलीत सरपण घालायच्या, त्याऐवजी गॅस वापरला की तेवढा धूर, तेवढा कार्बन हवेत जायचा वाचतो. परदेशातली एखादी कंपनी, कायद्याची सक्ती नसताना, राजीखुशीनं त्या वाचलेल्या कार्बनचे पैसे मोजते. ह्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. आता न झालेला धूर दाखवणार कसा? म्हणून व्हेरिफिकेशन. बाहेरचा माणूस येऊन शेगडी खरंच पेटते का ते बघतो. तो नाही म्हणाला की फेज-टू, म्हणजे पुढच्या घरांच्या टाक्यांचा टप्पा, बोंबलला.

फेज-टू म्हणजे आमच्यासाठी शकुनबाई. गावाच्या खालच्या टोलीवर, म्हणजे कडेच्या वस्तीत, राहायची. खोकून खोकून बेजार. 'चुलीच्या धुरापासून लांब राहा,' असं सावंगीच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. मंजुरी यायच्या आधीच घरच्यांनी टाकीचा खड्डा खणून ठेवला होता. त्या खड्ड्याकडे बघायची मला भीती वाटायची.

थंडीत गॅस कमी होतो, हे खरं. शेण कुजवणाऱ्या जंतूंना गारठा मानवत नाही. मागल्या पौषातही रीडिंग पडलं होतं आणि ऑफिसनं शेऱ्यात 'थंडी' लिहिलं होतं. पण थंडीत गॅस कमी होतो, मरत नाही. पहिली शेगडी ज्यांच्या घरची, त्या सुमनबाईंच्या मागच्या अंगणात जाऊन मी टाकीचं तोंड बघितलं. कोरडं ठणठणीत! गोठ्यात म्हशी रवंथ करत उभ्या, आणि शेणाचा पत्ता नाही.

"सुमनबाई, शेण जातं कुठं?"

त्या पदराआड हसल्या. "मारोतीले."

"म्हणजे?"

"या माह्या मांगं."

मारोतीच्या देवळामागं गोवऱ्यांचा हा मोठा ढीग, माझ्याहून उंच.

"रोडग्यायचा भंडारा हाये ना ताई. रोडगे म्हंजे कनकेचे जाड गोळे, ते काई लाकडावर नाई भाजत, गोवरीचाच इस्तव पाह्यजे. अन् दर घरून गोवऱ्या द्या लागते, नेम हाये तसा."

"मग आमची टाकी यायच्या आधी काय करत होतात?"

"तवा बारा महिने थापतच होतो ना! घरात गोवऱ्याच गोवऱ्या. तुमच्या गॅसनं थापनंच सुटलं. आता मारोतीचा महिना आला का सारं शेन गोवऱ्यायले, अन् टाकी उपाशी."

मी कपाळाला हात लावला आणि तिथंच हसत सुटले. गॅस चांगला चालला म्हणून घरात गोवरी उरली नाही, आणि गोवरी उरली नाही म्हणून गॅस बंद!

आता मला चैन पडेना. वर्ध्याला परतून दुसऱ्या गावाचं रीडिंग काढलं. तिथं घसरण चैत्रात. शेरा: 'पाणीटंचाई'. तिथल्या सरपंचांना फोन लावला. "रोडगे कधी असतात तुमच्याकडे?"

"चैत्रात. काऊन? येता का?"

आमचे साहेब मात्र वैतागले. "व्हिजिट पुढे ढकलू. काहीतरी कारण सांगू."

"नको साहेब. खरं सांगू, आणि हिशेबातून एक महिना आपणच वजा करू."

"आणि फेज-टू गेला तर? शकुनबाईला तोंड तू दाखवशील?"

तिच्या दारचा तो खड्डा डोळ्यांपुढे आला. तरी म्हटलं, "दाखवीन."

तपासनीस आले. मी त्यांना शेगडीकडे नेलंच नाही, थेट गोवऱ्यांच्या ढिगाकडे नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ढिगाभोवती एक फेरी मारली.

"बाकी ग्यारह महीने?"

माझ्या आधी सुमनबाईच बोलल्या. "जलता है ना! सच्ची बोलती. अब रोडगे खाकेच जाना."

वांग्याच्या भाजीत रोडगा चुरता चुरता तपासनीस मला म्हणाले, "मैडम, हर फाइल में चूल्हा बारहों महीने जलता है. ऐसा घर मैंने आज तक देखा नहीं. आपकी फाइल पर भरोसा करूँगा." एक महिना कापला आणि बाकीचा हिशेब पास केला.

फेज-टूची मंजुरी आल्यावर मी स्वतः टोलीवर गेले. शकुनबाईनं माझे दोन्ही हात धरले. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, एक इचारू? आमच्या टोलीवर मारोतीचे रोडगे असतेच, अन् माघात देवीचे बी असते. चालन का?"

चालवलं. आणखी एक महिना कापला. कार्बन मोजायच्या आधी गावातले भंडारे मोजावेत, एवढं मी त्या नोकरीत शिकले.