किसनची तसबीर नाक्यापलीकडं नेताना

सेनगावकडं जायचं मी ठरवलं नव्हतं, माझ्या जिभेनं परस्पर ठरवलं. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. निजामाच्या मुलखातून रझाकारांच्या भीतीनं पळून आलेली माणसं रिसोडजवळ छावणी करून राहत होती. मी अकोल्याचा, तसबिरी रंगवून पोट भरणारा. त्या माणसांचे चेहरे काढायला गेलो होतो. किसन नावाचा तरणा शेतकरी समोर बसला. भुवईवर ताजी जखम, डोळे सारखे दाराकडं. "मिशीला जरा पीळ द्या मास्तर, भ्यालेला काढू नका," म्हणाला. मी दिसलं तेच काढलं. चित्र बघून गडी असा रुसला की दोन दिवस बोलेना.

चित्र वाळलं आणि हद्दीपलीकडच्या सेनगावचे गाडीवान उस्मानभाई सरकी घेऊन आले. किसनला बघून म्हणाले, "पोरा, तुझ्या घरी तू मेला म्हणून बसलेत. मी म्हनलं, जित्ता हाय, मागल्या खेपेला माझ्या डोळ्यानं पाह्यला. तुझा बाप म्हनतो, उस्मान भला मानूस, धीर द्यायला बोलून राहिला. अमावास्येला पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळनार. मंग गोदाच्या बांगड्या फोडनार."

गोदा म्हणजे किसनची बायको. किसन अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. आम्ही दोघांनी धरून बसवला. निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर सापडला असता तर पुतळा करायची गरजच उरली नसती. "मी नेतो ही तसबीर. जखम ताजी आहे, गाव सोडल्यावरची, बघून तरी पटेल," मी बोलून गेलो.

या वाटेनं कुणाला जाणं भाग पडलं, तर ऐका. पांढरी टोपी घरी ठेवा. आपले कलदार रुपये रिसोडच्या बाजारातच मोडून निजामाचा हाली शिक्का घ्या. पलीकडं कलदार काढला की चौकशी सुरू. पाण्याची घागर गाडीत हवीच, वाटेतल्या विहिरींवर अनोळखी माणसाला कुणी थांबू देत नाही. मोटारीच्या नादी लागू नका, मोटार हमखास अडवतात. बैलगाडीच बरी.

निघताना मला एक युक्ती सुचली. आपल्याकडं भिंतीवर तसबीर लागते ती देवाची, नाहीतर मेलेल्याची. जित्या माणसाची कोण काढून घेतो? म्हणून चित्रावर डिंक घातलेल्या पाण्याच्या रंगानं झेंडूचा हार काढला. पुसला की जाईल असा. स्वतःच्या अकलेवर मी फार खूश होतो.

नाक्यावर खाकीतले तिघे होते. एकानं गुंडाळी उलगडली. "ये कौन?"

"मेलाय साहेब. घरच्यांनी तसबीर सांगितलीय." आवाज माझाच होता, पण मला ओळखू येईना.

त्यानं जखमेवर अंगठा फिरवला. "और ये?"

"बैल ने मारा था," उस्मानभाई म्हणाले, "उसी में गया बेचारा."

तो कितीतरी वेळ चित्राकडं बघत राहिला. मागं एक तेलाची गाडी खोळंबली होती, तिचा गाडीवान मान लांब करून चित्र बघत होता, सगळं ऐकत होता. शेवटी खाकीवाला "जाओ" म्हणाला. पुढं ओढ्यात उतरल्यावर उस्मानभाईंनी कासरा माझ्याकडं दिला. "मी मुसलमान म्हनून मला फार अडवत न्हाईत, ठाव हाय. पन गाडीत काय हाय हे कळलं असतं, तर मला आदी मारलं असतं."

सेनगावात त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा. चव म्हणाल तर एक नंबर. गल्लीत बूट वाजले की त्यांची बायको दिव्यावर हात धरायची.

किसनचं गाव तिथून जवळच. नाव लिहीत नाही. शिवारातूनच रडण्याचा आवाज आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती तेलाची गाडी आमच्या आधी पोचली होती! दारात किसनचा बाप उभा. "आनली तसबीर? मंग आता अमावास्येची वाट काहून पाहाची?" आत बायकांनी गोदाचे हात धरले होते, एकीच्या हातात दगड होता.

"अहो, जित्ता आहे तो!" मी ओरडलो. ऐकतं कोण! घाईघाईनं तसबीर उघडली, तर सगळ्यांना आधी दिसला तो माझा हार. एकच हंबरडा उठला. दगड वर गेला.

"थांबा!" गोदानं हात हिसकला. ती चित्रापाशी आली, वाकून बघत राहिली. "मास्तर, असं काढा म्हून कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. तो तर मिशीला पीळ द्या म्हणत होता."

रडता रडता ती हसली. "म्हनलंच आसंल. मामंजी, हे डोळे बघा. गुरांच्या कोठ्यात साप निघाला तवा असेच झाले होते. मेलेल्या मानसाला भ्या कशाचं वो?" पदर ओला करून तिनं हार पुसून काढला. म्हाताऱ्यानं जखमेला बोट लावलं आणि मटकन खाली बसला. दगड गेला अंगणात. खाकीवाल्यांच्या धाकानं तसबीर भिंतीवर लावायची सोयच नव्हती. गोदानं ती कणगीत, तुरीच्या तळाशी घातली.

परतताना छावणीत थांबून किसनला सगळं सांगितलं. तो तोंड झाकून रडला. मग म्हणाला, "म्हन्जे तिला ठाव होतं? लगीन झाल्यापसून म्या तिच्यापुढं वाघ बनून राहिलो की वो!"

मी अकोल्याला सुखरूप पोचलो. अजून दाराची कडी वाजली की दचकतो. पण घरी हे कोण सांगणार? बायकोला प्रवास रंगवून सांगितला, नाक्यावर मी कसा ताठ उभा राहिलो तेही. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "फार भ्यालात ना?"